खाऱ्या पाण्यातील शेवाळ आणि मोरचुदाचा मोह

मुंबईचा समुद्र पिंपळगाव बसवंतपासून सुमारे 200 किलोमीटर दूर. तरीही समुद्री माशांची काचपेटी दिवाणखान्यात असावी, ही हौस महामार्गाने येथपर्यंत पोहोचली आहे. आमच्या ओळखीच्या एका द्राक्ष बागायतदारांनी 200 लिटरची पेटी बसविली. तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी थर आला, सहाव्या आठवड्यात दगडांवर हिरवे केस उगवले. शेततळ्यात शेवाळ झाले की ते जे करतात तेच त्यांनी येथे केले. चिमूटभर मोरचूद टाकला! शेवाळ पिवळे पडले खरे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गोगलगायी आणि कोळंब्या मरून पडल्या होत्या. त्या कुजल्या, अमोनिया वाढला आणि मासेही गेले.

तांबे हे गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ यांना अत्यल्प प्रमाणातही विष आहे. शिवाय ते दगड-वाळूत मुरते आणि पुढे कित्येक दिवस हळूहळू सुटत राहते. बोर्डोसाठी मोरचूद आपल्याकडे घरोघरी असतो, म्हणूनच हा धोका आपल्या भागात अधिक.

वास्तविक ज्याला विद्राव्य खते कळतात, त्याला शेवाळ समजणे अवघड नाही. नत्र, स्फुरद आणि उजेड मिळाला की बाग फुटते, तसेच शेवाळही फुटते. येथे खत कोण घालतो? आपणच. माशांना टाकलेले जादा खाद्य, त्यांची विष्ठा आणि मुख्य म्हणजे पाणी.

पाण्याबाबत आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. "आमच्या बोअरचे पाणी तपासणीत पास आहे," असे लोक सांगतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. शेवाळाला मात्र ती मेजवानीच. तेव्हा पाणी आर.ओ.चेच हवे. त्यातही जारचे किंवा घरगुती यंत्राचे पाणी बहुधा चवीसाठी थोडे कच्चे पाणी मिसळलेले असते. टी.डी.एस. मीटर बुडवून पाहावे. आकडा शून्याजवळ नसेल, तर ते पाणी पेटीसाठी नको. त्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम समुद्री क्षार विरघळवावा. घरातले मीठ चालत नाही. वाफ होऊन कमी झालेले पाणी भरताना मात्र नुसते आर.ओ.चे पाणी घालावे. क्षार पेटीतच राहिलेला असतो, हे नवशिके विसरतात.

तपकिरी थराला घाबरू नये. ते डायटम. पाण्यातील सिलिका संपली की बहुधा आपोआप जातात. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे भरण्याची घाई करू नये. हिरवे केस हाताने उपटून, दर आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदलून आणि दिवा आठ तासांवर आणून आटोक्यात येतात. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी मदतीला घ्याव्यात, पण खतपाणी चालूच असेल तर त्या तरी किती खाणार? लालसर बुळबुळीत पापुद्रा आला तर ते शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया असतात. तो नळीने ओढून काढावा, पाण्याचा प्रवाह वाढवावा. पेटी खिडकीजवळ ठेवू नये. आणि निफाडच्या थंडीत हीटर बंद पडला तर शेवाळाची चिंता करण्याची वेळच येणार नाही.

आता दुकानदारांविषयी. ग्राहक हिरवी पेटी घेऊन रडत आला की शेवाळनाशकाची बाटली विकणे सोपे असते. पण तीन महिन्यांत कंटाळून पेटी विकणारा ग्राहक पुन्हा येत नाही. याउलट 200 लिटरची पेटी प्रथम भरताना सात किलोच्या आसपास क्षार लागतो, पुढे दर आठवड्याच्या पाणीबदलाला सुमारे किलोभर. आर.ओ.चे पाणी, चाचणीचे संच आणि घरी जाऊन पेटीची देखभाल यांतून कायमचे उत्पन्न आहे. आमच्या मते पेटी विकतानाच पहिल्या सहा आठवड्यांत काय काय दिसेल, हे एका कागदावर लिहून द्यावे.

एक गोष्ट कायद्याची. प्रवाळ आणि समुद्रघोडा यांना 2001 पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. कोणी किनाऱ्यावरून काढलेला प्रवाळ स्वस्तात देऊ लागला, तर तो व्यवहार दुकानदाराने आणि ग्राहकानेही टाळावा.

आमच्या त्या स्नेह्यांनी जुने दगड-वाळू फेकून पेटी पुन्हा भरली आहे. सध्या ती तपकिरी आहे. या वेळी मोरचुदाचा डबा मात्र बागेतच आहे.