डोक्यात गोळी लागलेल्या खासदार
८ जानेवारी २०११. अमेरिकेतल्या टूसॉनमध्ये सुपरमार्केटबाहेर खासदार गॅबी गिफर्ड्स लोकांना भेटत होत्या. हल्लेखोराची गोळी त्यांच्या मेंदूच्या डाव्या भागातून गेली; सहा जण मारले गेले. त्याच्या पिस्तुलाला तब्बल ३३ गोळ्यांचं मॅगझिन होतं. ते संपून दुसरं भरताना लोकांनी त्याला लोळवलं. १० पेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवरची बंदी २००४ मध्येच संपली होती, बरं का!

गॅबींची वाचा गेली. गाणी म्हणत म्हणत शब्द परत आणले. जानेवारी २०१३ मध्ये बंदुकीच्या हिंसाचाराविरुद्ध संस्था काढली, सिनेट समितीपुढे अडखळत बोलल्या. एप्रिलमध्ये बंदूक खरेदीदाराच्या पूर्वेतिहास तपासणीचं विधेयक सिनेटमध्ये ५४ मतं मिळूनही अडलं. हवी होती ६०.

आणि त्यांना बंदूकद्वेष्ट्या म्हणणाऱ्यांनो, बाईंकडे स्वतःचं पिस्तूल होतं!