कृष्णवर्णीय स्त्रिया आणि कर्करोगातील आधारसेवा

अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होण्याचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी आहे. मृत्यूचे प्रमाण मात्र सुमारे ४० टक्क्यांनी जास्त. उशिरा निदान, विम्याचा अभाव आणि ‘ट्रिपल निगेटिव्ह’ या आक्रमक प्रकाराचे दुप्पट प्रमाण ही त्याची काही कारणे. उपचारांसोबतच्या आधारसेवांतही त्यांची उपेक्षा होते, आणि ती सहज टाळता येण्याजोगी आहे. स्तन काढल्यावर ब्राच्या आत बसवायचा कृत्रिम स्तन बहुधा फिकट गुलाबी रंगाचा मिळतो. केमोथेरपीत केस गेल्यावर दाखवले जाणारे टोप सरळ, मऊ केसांचे असतात. रेडिएशनमुळे त्वचा लाल होते, असे माहितीपत्रक सांगते. सावळ्या-काळ्या त्वचेवर ती लाली अनेकदा दिसत नाही, त्वचा अधिक काळवंडते आणि त्रास नजरेतून सुटतो. समुपदेशन गटात आपल्यासारखी एकही स्त्री नसेल, तर रुग्ण पुन्हा तिकडे फिरकत नाही. याच गरजेतून १९९४ मध्ये कॅरन जॅक्सन यांनी ह्यूस्टनमध्ये ‘सिस्टर्स नेटवर्क’ ही संस्था उभारली. त्या स्वतः स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या. त्वचेच्या विविध छटांतील साहित्य, कुरळ्या केसांचे टोप, गडद त्वचेची छायाचित्रे असलेली पत्रके आणि सेवांच्या आखणीत या स्त्रियांचा सहभाग, एवढे तर प्रत्येक केंद्राने करायलाच हवे.