मुलांसाठी विज्ञानलेखन : ‘ऊर्जा’ समजावताना

उद्दिष्टे

या उपघटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• रोजच्या भाषेतील शब्द आणि पारिभाषिक संज्ञा यांतील फरक सांगता येईल.
• एखादी वैज्ञानिक संकल्पना लहान मुलांसाठी मराठीत मांडता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पारिभाषिक संज्ञा कशा घडतात, हे आपण मागे पाहिले. आता अशा संज्ञा ज्याच्या कानांवरून कधी गेल्याच नाहीत, त्या सहा ते नऊ वर्षांच्या वाचकासाठी लिहायचे आहे. उदाहरणादाखल ‘ऊर्जा’ ही संकल्पना घेऊ. तुमच्यापैकी अनेकजण पालक असतील, काहीजण अंगणवाडीत वा शाळेत काम करीत असतील. त्यामुळे हा विषय केवळ परीक्षेपुरता नाही.

१. आधी अनुभव, मग संज्ञा

‘कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा’ ही व्याख्या आपण शाळेत पाठ केली आहे. समजावणारे शब्द समजावयाच्या शब्दाहून सोपे असावेत, हा व्याख्येचा साधा निकष. येथे ‘कार्य’ आणि ‘क्षमता’ हे दोन्ही शब्द मुलाला ‘ऊर्जे’इतकेच परके आहेत. शिवाय भौतिकशास्त्रातील ‘कार्य’ म्हणजे व्यवहारातले काम नव्हे. भरलेली घागर डोक्यावर घेऊन ताटकळणाऱ्या स्त्रीने घागरीवर शास्त्राच्या हिशेबी काहीच कार्य केलेले नसते, कारण घागर जागची हललेली नाही. तिची मान मात्र वेगळेच सांगत असते.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९६६ साली विज्ञानशिक्षकांपुढील भाषणात पहिलीच्या एका पाठ्यपुस्तकावर टीका केली होती. चावीचा खेळण्यातला कुत्रा कशाने चालतो, या प्रश्नाचे अपेक्षित उत्तर त्यात ‘ऊर्जेने’ असे होते. अशा उत्तराने मुलाला शब्द मिळतो, ज्ञान मिळत नाही, हा फाइनमन यांचा आक्षेप. नवा शब्द न वापरता तीच गोष्ट सांगून पाहावी, ही त्यांची कसोटी भाषेच्या अभ्यासकालाही उपयोगी आहे.

ती लावून पाहू. चावी फिरवली की आतली स्प्रिंग आवळली जाते. स्प्रिंग सैल होताना दातेरी चाके फिरतात आणि कुत्र्याचे पाय हलतात. चावी फिरवणारा हात चालतो तो खाल्लेल्या भाकरीवर. भाकरी ज्वारीची आणि ज्वारी वाढली उन्हावर. एवढे सांगून झाल्यावर विचारावे : उन्हापासून खेळण्यापर्यंत जे येऊन पोहोचले, त्याला काय म्हणायचे? आता ‘ऊर्जा’ हा शब्द द्यावा. त्याच्यासाठी मुलाच्या मनात जागा तयार झालेली असते.

२. शक्ती, बल आणि ऊर्जा

‘शक्ती’, ‘बळ’, ‘जोर’, ‘ताकद’ हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सहज वापरतो. शास्त्रात तशी मुभा नाही. ढकलण्याचे वा ओढण्याचे माप ते ‘बल’. ते न्यूटनमध्ये मोजतात. ‘ऊर्जा’ ज्यूलमध्ये मोजतात. ऊर्जा किती वेगाने वापरली जाते, हे ‘शक्ती’ सांगते. तिचे एकक वॅट. १०० वॅटचा दिवा १० तास जळला, की वीजबिलात एक युनिट वाढते. दिव्यावरचा आकडा शक्तीचा, बिलातले युनिट ऊर्जेचे.

हा भेद मुलाला शिकवण्याची घाई नको. लेखकाला मात्र तो ठाऊक हवा. एका वाक्यात ‘सूर्याची शक्ती’ आणि पुढच्यात ‘सूर्याची ऊर्जा’ असे लिहिले, तर मुलाला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतील. ललित लेखनात समानार्थी शब्दांनी शोभा येते. येथे त्यांनी घोटाळा होतो.

३. ‘गेली’ आणि ‘संपली’

‘लाइट गेली’ हे ऐकून ‘कुठे गेली?’ असे विचारणारे मूल चुकत नाही. ते क्रियापद शब्दशः घेते. ‘सेल संपला’, ‘अंगातली शक्ती संपली’ अशी वाक्ये ऐकत वाढलेल्या मुलाला पुढे शाळेत सांगितले जाते, की ऊर्जा नष्ट होत नाही. मग त्याने विश्वास कोणावर ठेवावा?

जमिनीवर सोडलेल्या चेंडूची प्रत्येक उसळी आधीपेक्षा बुटकी होते आणि अखेर चेंडू थांबतो. त्याची ऊर्जा थोडी आवाजात गेली. बाकीची चेंडू, जमीन आणि हवा किंचित तापवण्यात गेली. म्हणून ‘संपली’ऐवजी ‘पसरली’ म्हणावे.

यावर चाणाक्ष मूल विचारील, ‘नष्टच होत नाही, तर वाचवायची कशाला?’ डब्यातली साखर अंगणात सांडली, तर ती तेवढीच असते. पण चहात घालता येत नाही. पसरलेल्या ऊर्जेचेही तसेच होते. मात्र दृष्टान्ताची मर्यादा लगेच सांगावी : साखर मुठीत धरता येते, ऊर्जा वस्तू नसल्याने धरता येत नाही. तिच्यामुळे काय बदलले, तेवढेच आपल्याला दिसते.

सारांश

अनुभव आधी व संज्ञा नंतर. एका संकल्पनेला एकच शब्द. क्रियापदांची पारख आणि दृष्टान्ताची मर्यादा – ही चार पथ्ये मुलांसाठी विज्ञान लिहिताना सांभाळावीत.

स्वाध्याय

१. ‘बल’ आणि ‘शक्ती’ यांचे व्यावहारिक व पारिभाषिक अर्थ सोदाहरण स्पष्ट करा.
२. झोपाळा किंवा गलोल यांवर आठ वाक्यांचा परिच्छेद लिहा. ‘ऊर्जा’ हा शब्द फक्त शेवटच्या वाक्यात यावा. तो एखाद्या मुलाला वाचून दाखवा आणि त्याने विचारलेला पहिला प्रश्न लिहून ठेवा. तुमचा कोणता शब्द अडला, हे त्या प्रश्नावरून शोधा आणि परिच्छेद पुन्हा लिहा.