पारदर्शक लेप, मोटारगाडीच्या उघड्या धातुभागांवरील

मोटारगाडीच्या ज्या धातुभागांची मूळ चकाकी दिसत राहावी म्हणून ते रंगाने झाकले जात नाहीत, त्यांचे संक्षारण (गंजणे वा काळवंडणे) लांबविण्यासाठी त्यांवर देण्यात येणाऱ्या रंगहीन पटलास पारदर्शक लेप म्हणतात. मिश्रधातूंची चाके, जुन्या गाड्यांचे पितळी दिवे व रेडिएटर, पॉलिश केलेले ॲल्युमिनियमचे ओतीव भाग ही याची नेहमीची उदाहरणे होत. रंगविलेल्या पत्र्यावर शेवटी देतात तो पारदर्शक थर याहून वेगळा समजावा. त्याच्याखाली अस्तर व रंग यांचे थर असतात. येथे मात्र धातू आणि हवा यांमध्ये सु. ०·०२ ते ०·१ मिमी. जाडीचे पटल तेवढे असते.

लेपामुळे धातूपर्यंत पाणी व हवा पोहोचतच नाहीत, ही समजूत बरोबर नाही. कोणतेही कार्बनी पटल पाण्याची वाफ व ऑक्सिजन यांना थोडीफार वाट देतेच. पोलादाच्या संक्षारणाला पुरेल इतके पाणी व ऑक्सिजन साध्या रंगाच्या पटलातून जातात, असे जे. ई. ओ. मेन यांनी १९५० नंतरच्या दशकात दाखविले. पटल संरक्षण करते ते मुख्यतः दोन कारणांनी : ते विद्युत् भारित कणांच्या (आयनांच्या) वहनास विरोध करते आणि ओले झाले तरी धातूला चिकटून राहते. अपारदर्शक रंगाला आणखी दोन आधार असतात. अस्तरातील जस्ताची संयुगे व तत्सम रंजकद्रव्ये संक्षारणास प्रत्यक्ष अटकाव करतात आणि रंजकद्रव्याचे कण सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण अडवितात. पारदर्शक लेपात रंजकद्रव्य नसल्याने हे दोन्ही आधार नाहीसे होतात. त्याच्या बहुतेक उणिवा यातूनच उद्‌भवतात.

आरंभीच्या मोटारगाड्यांत पितळेचा वापर विपुल असे व ते घासून उजळ ठेवणे हे नित्याचे काम होते. पितळी वैज्ञानिक उपकरणांवर स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या लाखेचे पटल देण्याची रीत त्याआधीपासून रूढ होती. (‘लॅकर’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘लाक्षा’ या शब्दापर्यंत जाते.) परंतु लाखेचे पटल पाण्याने पांढुरके पडते व उष्णतेने मऊ होते, त्यामुळे रस्त्यावरील वाहनास ते फारसे उपयोगी नाही. फोर्ड कंपनीने १९१७ सालच्या ‘मॉडेल टी’पासून पितळी रेडिएटरऐवजी काळे पोलादी आवरण स्वीकारले. १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात क्रोमियमाचा मुलामा प्रचारात आल्यावर हा प्रश्न काही काळ मागे पडला. मिश्रधातूंच्या चाकांचा प्रसार झाल्यावर तो पुन्हा पुढे आला.

अशा चाकांपैकी पुष्कळ चाके प्रथम पूर्णपणे रंगवितात व नंतर त्यांचा दर्शनी पृष्ठभाग लेथवर बारीक कापून उजळ करतात. या कापलेल्या भागाला रंगाचे संरक्षण उरत नाही. ॲल्युमिनियमावर हवेत आपोआप तयार होणारे ऑक्साइडाचे पटल मिमी.च्या काही दशलक्षांश भागांइतकेच जाड असते. ते कोरड्या हवेत पुरेसे ठरते, पण क्षारांपुढे ते टिकत नाही. म्हणून या भागावर पारदर्शक ॲक्रिलिक लेप द्रवरूपात वा चूर्णरूपात देऊन भट्टीत पक्का करतात.

या लेपाखाली होणारा विशिष्ट विकार म्हणजे तंतुरूप संक्षारण होय. लेपाला दगडाचा टवका बसला, पदपथाच्या कडेला चाक घासले किंवा समतोलासाठी काठावर बसविलेल्या वजनाच्या चापाने लेप फाटला, म्हणजे तेथून सु. ०·१ ते ०·५ मिमी. रुंदीचे नागमोडी तंतू पटलाखालून पसरू लागतात. तंतूच्या टोकाशी ऑक्सिजन कमी असतो आणि तेथील द्रव अम्लधर्मी व क्लोराइडयुक्त असतो, त्यामुळे धातू विरघळतो. मागील शेपटीत ऑक्सिजन पोहोचून पांढरा साका साठतो. एक तंतू दुसऱ्यास सहसा छेदत नाही, जवळ येताच तो वळतो. हा विकार सु. ६५ ते ९५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत होतो, म्हणूनच मुंबई व कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत चाकांची विशेष काळजी घ्यावी लागते. लेप नसलेल्या धातूवर असे तंतू उद्‌भवत नाहीत. सदोष लेपाने नुकसान लपते आणि ते पसरण्यास आडोसाही मिळतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

तेव्हा लेपाच्या प्रकारापेक्षा पृष्ठाची तयारी अधिक निर्णायक ठरते. पॉलिशमधील मेण व तेल पूर्ण काढणे, अम्लाने वा क्षारकाने धुणे आणि लेप चिकटण्यासाठी रासायनिक रूपांतरण पटल तयार करणे, हा कारखान्यातील क्रम होय. पूर्वी यासाठी षट्‌संयुजी क्रोमियमाची संयुगे वापरीत. ती कर्ककारक असल्याने आणि यूरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशाने वाहनांतील त्यांच्या वापरावर बंधने घातल्याने आता झिर्कोनियम, टिटॅनियम वा त्रिसंयुजी क्रोमियम यांची संयुगे वापरतात. दुरुस्तीच्या लहान कारखान्यांत चाक पुन्हा कापल्यावर ही पायरी अनेकदा गाळली जाते. असे चाक प्रथम नव्यासारखे दिसते, पण लवकर बिघडते. तीक्ष्ण कडांवर पृष्ठताणामुळे पटल पातळ होते, म्हणून कडा किंचित गोल करणे इष्ट असते.

लेपद्रव्यांपैकी नायट्रोसेल्युलोज उन्हाने पिवळे पडते व एपॉक्सी रेझीन भुकटीसारखे सुटते. ॲक्रिलिक व ॲलिफॅटिक पॉलियुरेथेन अधिक टिकतात, विशेषतः त्यांत जंबुपार किरण शोषणारी द्रव्ये मिसळली असल्यास. द्विघटकी पॉलियुरेथेन सर्वांत कठीण असते, पण त्याच्या कठिणकारकातील आयसोसायनेट फवारणी करणाऱ्यांना दमा जडविणारे म्हणून परिचित आहे. त्याचा वास येऊ लागण्यापूर्वीच ते अपाय करू शकते, त्यामुळे केवळ कापडी मुखपट्टीवर विसंबून चालत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा आवश्यक असतो.

पितळ व तांबे यांसाठी ‘इंक्रालॅक’ हे ॲक्रिलिक लॅकर प्रसिद्ध आहे. १९६० नंतरच्या दशकात इंटरनॅशनल कॉपर रिसर्च असोसिएशनच्या प्रयत्नांतून ते तयार झाले. त्यातील बेंझोट्रायझोल तांब्याशी संयोग पावून संक्षारण रोखते. पारदर्शक लेपात रंजकद्रव्याची उणीव भरून काढणारी ही एक चांगली तोड आहे. शिवाय हे लॅकर विद्रावकाने पुन्हा काढता येते, त्यामुळे ऐतिहासिक गाड्यांच्या दृष्टीने ते सोयीचे आहे. पॉलियुरेथेन असे विरघळत नाही. ते काढताना पितळावर ओरखडे पडण्याचा संभव असतो.

साध्या पोलादावर पारदर्शक लेप सहसा टिकत नाही. फॉस्फेटी पटल दिल्यास चकाकी जाते, न दिल्यास गंज पटलाखालून सरकतो. अशा भागांवर अधूनमधून तेल वा मेण चोळणे अधिक व्यवहार्य ठरते. निष्कास नळांसारख्या तप्त भागांवर ॲक्रिलिक वा पॉलियुरेथेन जळून तपकिरी होते. तेथे सिलिकोन रेझिनाचे लेप वापरतात, मात्र त्यांनाही तापमानाची मर्यादा असते. डीलॉरियन (१९८१–८२) या गाडीचे बाह्य पत्रे अगंज पोलादाचे होते व त्यांवर रंग वा लॅकर नव्हते. २०२३ च्या अखेरीस ग्राहकांच्या हाती पडू लागलेल्या टेस्ला सायबरट्रकचे पत्रेही असेच उघडे आहेत. त्यांवर पटल सोलण्याचा प्रश्न नसतो, पण बोटांचे ठसे आणि बाहेरून येऊन बसलेल्या लोहकणांचे तांबूस ठिपके वरचेवर पुसावे लागतात.