उन्हावर शिजणारा प्रसाद

शिर्डीच्या साई प्रसादालयाच्या छतावर सूर्याकडे तोंड करून ७३ तबकड्या उभ्या आहेत. प्रत्येकीचा आरसा १६ चौरस मीटरचा. त्यांनी एकवटलेल्या उन्हाने पाण्याची वाफ होते, ती नळांतून खाली भटारखान्यात उतरते आणि हजारो भाविकांचा वरण-भात शिजतो.

३० जुलै २००९ रोजी सुरू झालेल्या या यंत्रणेला सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये लागले. त्यांपैकी ५८ लाखांहून अधिक रक्कम केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने अनुदान म्हणून दिली.

सकाळी एकदा दिशा लावून दिली, की तबकड्या दिवसभर सूर्यामागे आपोआप फिरतात. ढगाळ दिवशी मात्र गॅसवरच्या बॉयलरची मदत घ्यावी लागते.