थकवा रोज्याचा की रक्ताचा?

रमजानमध्ये असरची नमाज झाली, की नांदेडच्या देगलूर नाक्यावर आणि लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास खजूर, टरबूज, समोसे आणि बर्फाच्या लाद्यांभोवती गर्दी उसळते. त्याच वेळी घरात पहाटे तीनपासून उठलेली एक बाई इफ्तारची तयारी करत असते. सहरीची खिचडी, खट्टा आणि खिमा तिनेच रांधलेला असतो. मुलांची शाळा, भांडी, कपडे उरकून दुपारी तिने जेमतेम पाठ टेकलेली असते. जिना चढताना तिला धाप लागते, बसल्या जागेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. कोणी विचारले तर उत्तर ठरलेले असते, "रोजा है ना, इसलिए."

शेजारच्या घरातली बाई हेच वेगळ्या शब्दांत सांगते. श्रावणात "सोमवार आहे ना," नवरात्रात "नऊ दिवसांचा उपवास आहे ना," आणि एरवी "कामाचा शीण आहे, दुसरे काय!"

रोज्याचा थकवा उसना असतो. मगरिबच्या अजानबरोबर खजूर, पाणी, चार घास पोटात गेले आणि रात्री झोप झाली, की तो उतरतो. लोहाच्या कमतरतेचा थकवा असा उतरत नाही. तो शाबानमध्येही असतो आणि ईद होऊन गेल्यावर शव्वालमध्येही राहतो. निरोगी माणसाचे लोह महिनाभराच्या रोज्यांनी सहसा संपत नाही. रोजा फक्त आधीपासून लपलेली उणीव उघडी पाडतो. ती दिसली तर "रोजा आहे" म्हणून झाकू नये.

ही उणीव दोन-चार घरांपुरती नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या, २०१५-१६ च्या फेरीत हा आकडा ४८ टक्के होता. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांत तो ६८.९ टक्के निघाला. म्हणजे राज्यातल्या दर दोन महिलांमागे एकीच्या रक्तात काहीतरी कमी आहे आणि त्या कमतरतेचे सर्वांत मोठे कारण लोह आहे.

कणगी आधी रिकामी होते

श्वासातून घेतलेला प्राणवायू शरीरभर पोचवण्याचे काम रक्तातले हिमोग्लोबिन करते आणि हिमोग्लोबिन बनायला लोह लागते. जास्तीचे लोह शरीर यकृतात, प्लीहेत आणि हाडांच्या मगजात साठवून ठेवते. जुन्या घरात ज्वारीची कणगी असायची, तशीच ही साठवण. सुगी कमी झाली तर आधी कणगीतले दाणे जातात. चुलीवर भाकरी थापली जातच असते, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. तळ लागला की मग भाकरी कमी पडते.

लोहाचेही असेच होते. आधी साठा संपतो आणि हिमोग्लोबिन सर्वांत शेवटी घसरते. म्हणून "हिमोग्लोबिन तर बारा आहे" एवढ्यावर समाधान मानता येत नाही. साठा किती उरला हे फेरिटिन नावाच्या तपासणीतून कळते. थकवा, केस गळणे, चिडचिड ही लक्षणे हिमोग्लोबिन घसरण्याआधीही सुरू होऊ शकतात.

शरीर काय सांगते?

पहिली खूण थकवा. विश्रांती घेऊनही तो जात नाही. दुसरी खूण धाप. पूर्वी एका दमात चढलेला जिना आता मध्ये थांबून चढावा लागतो, पाण्याची घागर उचलली की छाती धडधडते. डोके दुखते, चक्कर येते, इतरांना उकडत असताना हिचे हातपाय मात्र गार असतात.

काही खुणा डोळ्यांना दिसतात. दिवसाच्या उजेडात खालची पापणी हलकेच ओढून पाहावी. आतला भाग लालसर गुलाबी हवा; तो फिकट, पांढरट दिसला तर लक्ष द्यावे. गोऱ्या किंवा सावळ्या रंगावरून अंदाज चुकतो. पापणीची आतली बाजू, जीभ, तळहात आणि नखे पाहिली तर तो कमी चुकतो. तोंडाच्या कोपऱ्यांना चिरा पडणे, जीभ गुळगुळीत होऊन तिखट झोंबणे, नखे ठिसूळ होऊन चमच्यासारखी मधे खोलगट होणे याही खुणाच. रात्री अंथरुणावर पडले की पायांत वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, हेही काही जणींत लोह कमी झाल्याने होते.

आणि एक खूण अशी, जी घरात चेष्टेवारी जाते. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खाण्याची अनावर इच्छा. इफ्तारला थंडगार सरबत सगळेच पितात, त्यात काही वावगे नाही. पण ग्लासातला बर्फ कडाकडा चावून संपवणारी, फ्रीजमधला बर्फ खरवडून खाणारी मुलगी घरात असेल तर तिला रागावण्याआधी तिचे रक्त तपासावे. लोह भरून निघाले, की ही ओढ बहुधा आपोआप जाते.

लहान मुलांत खुणा आणखी वेगळ्या असतात. मूल किरकिर करते, जेवत नाही, खेळता खेळता बसून घेते, अभ्यासात मन लागत नाही. त्याला "आळशी" म्हटले जाते आणि खरे कारण मागे राहते.

लोह जाते कुठे?

बायकांत पहिले कारण मासिक पाळीतला जास्त रक्तस्राव. पाळी सात दिवसांहून अधिक चालत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, दर तासा-दोन तासाला कपडा बदलावा लागत असेल तर ते "बायकांचे असतेच" म्हणून सोडण्यासारखे नाही. पाठोपाठ झालेली बाळंतपणे साठा रिकामा करतात. अनवाणी शेतात जाणाऱ्यांना अंकुशकृमीची बाधा होते. हे जंत आतड्याला चिकटून रोज थोडे थोडे रक्त शोषतात. मूळव्याध, जठरातला व्रण, सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांमुळेही रक्त झिरपते. पुरुषाच्या किंवा पाळी थांबलेल्या बाईच्या अंगात लोह कमी निघाले, तर नुसती गोळी पुरत नाही. रक्त कुठून जाते आहे ते डॉक्टरांनी शोधायलाच हवे.

इथे घरातली एक गोष्ट बोलायला हवी. पाळीच्या दिवसांत बाईला रोजा नसतो. ते रोजे पुढे पुरे करायचे असतात. शरीराला त्या दिवसांत अन्न हवे, म्हणून ही मुभा तिच्या उपयोगाचीच आहे. पण सासऱ्यांसमोर, दिरांसमोर, वाढत्या मुलांसमोर जेवायचे कसे, या संकोचाने कित्येक जणी त्या दिवसांतही सहरी करतात आणि दिवसभर रोजदारासारख्या राहतात. कोणी स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्याने दोन घास गिळते. जे दिवस धर्माने सोडवले, ते लाजेने परत बांधले जातात, तेही नेमके रक्त जात असताना. ज्या घरात पाळी आलेली बाई बाजूला बसते आणि उरलेसुरले तिच्या ताटात जाते, तिथेही हिशेब हाच. यावर औषध डॉक्टरांकडे नाही, घरातल्या थोरल्या बाईच्या एका वाक्यात आहे: "जा, आधी तू जेवून घे."

दस्तरख्वानावरचा हिशेब

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीच्या आहारात रोज २९ मिलिग्रॅम लोह असावे. खजूर गुणी खरा, पण १०० ग्रॅम खजुरात लोह साधारण १ मिलिग्रॅमच असते. तीन खजुरांनी रोजा सुटतो, लोहाची उणीव भरत नाही. बीटचेही तेच. त्याचा रंग लाल म्हणून रक्त वाढत नाही.

मांसातले लोह शरीर सहज उचलते. खिमा, कलेजी, मटणाचा रस्सा, गहू-डाळी-मांस एकजीव केलेला हलीम हे या बाबतीत उजवे. गर्भवतीने कलेजी मात्र डॉक्टरांना विचारूनच खावी. मांस न खाणाऱ्यांसाठी हरभरा, मसूर, मटकी, तीळ, राजगिरा, हिरव्या पालेभाज्या आणि बाळंतिणीच्या लाडवातले अळीव आहेत. त्यांतले लोह शरीर कमी उचलते, म्हणून सोबत आंबट हवे. लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो यांतले क जीवनसत्त्व ते लोह शोषायला मदत करते. चण्याच्या चाटवर आणि हलीमवर लिंबू पिळण्याची रीत चवीइतकीच रक्ताच्याही कामाची आहे. आंबट भाजी-आमटी लोखंडी कढईत शिजवली तर थोडे लोह अन्नात उतरते. उपवासाला नुसता साबुदाणा खाण्यापेक्षा राजगिरा आणि शेंगदाणे बरे.

ताटाचा मोठा शत्रू चहा. सहरीच्या शेवटच्या घासावर चहा, इफ्तारच्या पाठोपाठ पुन्हा चहा. त्यातली तुरट द्रव्ये धान्य-भाज्यांतल्या लोहाला धरून ठेवतात आणि शरीरात जाणारे लोह निम्म्याहूनही कमी होऊ शकते. चहा सोडायला कोणी सांगत नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवले तरी पुष्कळ. इफ्तारनंतरचा चहा तरावीहनंतर घेतला तर काही बिघडत नाही.

गोळी आणि मुंबईतला जुना शोध

प्रत्येक रक्तक्षय लोहाचाच असतो असे नाही. ल्यूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली. गरीब गर्भवती बायकांना होणारा गंभीर रक्तक्षय तिने तपासला. १९३१ मध्ये तिने दाखवले, की यीस्टचा अर्क दिल्यावर या बायका बऱ्या होतात. त्या अर्कातला गुण पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आज सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या गोळीत लोहाबरोबर फॉलिक आम्ल असते, त्यामागे मुंबईच्या त्या बायकांची कहाणी आहे. ब-१२ कमी पडले तरी रक्त घटते. थॅलेसेमिया मायनर आणि किनवट-माहूर पट्ट्यातल्या आदिवासी वस्त्यांत आढळणारा सिकलसेल यांची वाट तर पूर्ण वेगळी. म्हणून दुकानातून टॉनिकची बाटली आणण्याआधी तपासणी हवी.

हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे पुढच्या तपासण्या करता येतात. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गर्भवतीचे ११ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली गेले, की रक्तक्षय धरतात. तपासणीपुरते रक्त दिल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक आलिम सांगतात.

'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रम २०१८ पासून चालू आहे. त्यात शाळकरी किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी आणि गर्भवतींना चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी मिळते. रोजा असलेल्या मुलीने शाळेतली गोळी वाया घालवू नये. शिक्षकांना सांगून घरी आणावी आणि इफ्तारनंतर घ्यावी. गोळी चहा किंवा दुधाबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. शौच काळी होते, कधी मळमळते, कधी बद्धकोष्ठ होतो. काळ्या शौचेला घाबरून गोळी बंद करू नये. त्रास फार झाला तर डॉक्टर वेळ किंवा मात्रा बदलून देतात. चार आठवड्यांत बरे वाटू लागते आणि इथेच बहुतेक जणी गोळी सोडतात. हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही कणगी भरायला साधारण तीन महिने लागतात.

बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, शुद्ध हरपत असेल, पायांवर सूज असेल, किंवा गर्भवतीचे हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल, तर ईदची वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा कुरआननेच दिली आहे. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही, स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका वाटला तर, ती सवलत आहे. ती घेणे म्हणजे इमान कमी असणे नव्हे.

रमजानात अख्खे घर रोज ठरल्या वेळी एका दस्तरख्वानावर बसते. एरवी असे क्वचितच घडते. त्या वेळी कोण वाढून वाढून शेवटी बसते, कोणाच्या ताटात रश्शाचे नुसते पाणी येते, कोण दोन घासांत उठते, एवढे जरी घरातल्या पुरुषांनी पाहिले, तरी निम्मे निदान तिथेच होते. उरलेले निम्मे तपासणीतून होईल, आणि ती करायला फार तर एक सकाळ लागते.