गावठी गुलाब, काळे ठिपके आणि माझा फसलेला निष्कर्ष

पेट पास झाल्यावर बहुतेकांचा पहिला फोन एकाच गोष्टीसाठी येतो: "ताई, सिनॉप्सिसला विषय काय घेऊ?" हल्ली मी विषय सुचवण्याआधी आमच्या सांदवाडीतल्या गुलाबाची गोष्ट सांगते. चुकीचा निष्कर्ष कसा निघतो आणि तो दुसऱ्याला कसा भोवतो, हे मला त्या झाडापाशी कळलं. तोवर माझं एम.एस्सी. होऊन दोन वर्षं झाली होती!

आमचं घर आरमोरीकडे. कवेलूचं छप्पर, मागे छोटीशी सांदवाडी. तिथे भिंतीला लागून आजीने लावलेला गावठी गुलाब आहे. गुलाबी, भरपूर पाकळ्यांचा, वासाचा, झुडपासारखा पसरणारा. आपल्याकडे गावठी किंवा देशी म्हणून मिळणारा असा गुलाब पुष्कळदा 'एडवर्ड' असतो. नर्सरीवाले याच्याच खुंटावर कलमी गुलाबाचे डोळे भरतात. झाड काटक असतं, पण पावसाळ्यात आमचं झाड हमखास उघडं पडायचं. जुलैत पानांवर काळे ठिपके, मग पान पिवळं, मग गळ. पोळ्यापर्यंत नुसत्या काड्या.

एका वर्षी ऑक्टोबरात मी ठरवलं, काहीतरी करायचंच. छाटणी केली, शेणखत घातलं आणि कुठेतरी वाचलं होतं म्हणून पातळ ताक फवारलं, आठवड्यातून एकदा, तीन वेळा. नोव्हेंबरात तांबूस पालवी आली, डिसेंबरात झाड फुलांनी भरलं. मी शेजारपाजारी सांगत सुटले, "ताक मारा, ठिपके जातात."

शेजारच्या काकूंनी ऐकलं. पुढच्या जुलैत त्यांनी दरवर्षीचं बुरशीनाशक बाजूला ठेवलं आणि फक्त ताक मारलं. त्यांचे दोन्ही कलमी गुलाब उघडे पडले. एक दसऱ्यापर्यंत शेंड्याकडून वाळत खाली आला आणि गेला. काकू रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "तू त शिकलेली, म्हणून मी दुसरं औषधच नाही मारलं."

ते वाक्य मला व्हायव्हातल्या कुठल्याही प्रश्नापेक्षा जास्त लागलं.

ठिपका कशाचा असतो?

हा रोग डिप्लोकार्पन रोझी नावाच्या बुरशीमुळे होतो. ठिपका काळा असतो आणि त्याची कड झालरीसारखी फाटकी दिसते. भोवतीचं पान पिवळं पडतं. सुरुवात बहुधा खालच्या पानांपासून होते, कारण बुरशी खाली पडलेल्या रोगट पानांवर आणि काड्यांवर टिकून राहते आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर वर उडते.

बीजाणू पानावर पडला म्हणजे रोग झाला, असं नाही. तो रुजायला पानावर प्रत्यक्ष पाणी लागतं, नुसती दमट हवा पुरत नाही. आणि ते पाणी सलग साधारण सात तास तरी टिकावं लागतं. त्याआधी पान सुकलं तर बुरशीला आत शिरता येत नाही. शिरली, तर आठवडा-दीड आठवड्यात ठिपका दिसायला लागतो. म्हणजे आज दिसणारा ठिपका मागच्या आठवड्यातल्या एखाद्या ओल्या रात्रीचा असतो.

गुलाबावर हिवाळ्यात येणारी भुरी याच्या उलट वागते. तिला पानावर पाणी साचायला लागत नाही, कोरड्या दिवसांतही ती पसरते. दोन्ही बुरशीच, पण गरजा वेगळ्या. म्हणून "गुलाबाला बुरशी लागली" हे वाक्य संशोधनाच्या कामाचं नाही. कोणती बुरशी, हे आधी ठरवावं लागतं.

पाऊस मोजायचा की ओल?

चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात वर्षाला साधारण १२०० ते १५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. साहजिकच मनात येतं, 'पाऊस जास्त म्हणून ठिपके जास्त.' पण दोन दिवस डोळ्यांसमोर आणा. एका दिवशी दुपारी तासभर ५० मिलिमीटर पाऊस कोसळला, मग ऊन पडलं, वारा सुटला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून सकाळपर्यंत नुसती झिमझिम, पर्जन्यमापकात जेमतेम ५ मिलिमीटर. आकडा पहिल्या दिवसाचा मोठा आहे, पण बुरशीच्या फायद्याची आहे ती दुसरी रात्र.

तुम्ही पावसाचे मिलिमीटर आणि ठिपके यांचा आलेख काढत बसलात, तर चुकीचं चलपद मोजत बसाल. मोजायला हवेत पान ओलं राहण्याचे तास.

आपल्या धान उत्पादकांना हे नवीन नाही. रोवणीनंतर आभाळ दिवसचे दिवस भरलेलं राहिलं, रात्री दव पडलं, की ते बांधीत जाऊन करपा आला का ते बघतात. धानाच्या करप्याची बुरशी वेगळी, पण पानावर रेंगाळणारं पाणी तिलाही लागतं. मी हे पुस्तकात वाचलं होतं आणि गावात ऐकलंही होतं. तरी माझ्याच गुलाबाला लावून पाहिलं नव्हतं.

ऑक्टोबरात सगळंच लागू पडतं

आता माझ्या ताकाकडे बघा. मी फवारणी केली त्याच सुमारास चार गोष्टी बदलल्या. मोसमी पाऊस परतला, त्यामुळे शिंतोडे थांबले. छाटणीत रोगट पानं आणि काड्या निघून गेल्या. झाड मोकळं झालं, म्हणून दव पडलं तरी सकाळच्या उन्हात पानं लवकर सुकू लागली. शिवाय शेणखत पडलं. या गर्दीत ताकाने काय केलं, हे माझ्या निरीक्षणातून कळणं शक्यच नव्हतं. ताकाऐवजी नुसतं पाणी मारलं असतं, तरी डिसेंबरात फुलं आली असती असं मला आज वाटतं. पण तेही मी तपासलेलं नाही. ताक निरुपयोगी आहे, हे सुद्धा माझ्या अनुभवाने सिद्ध होत नाही.

तुलनेसाठी ताक न मारलेलं, बाकी सगळं सारखं असलेलं झाड हवं होतं. तेच नव्हतं.

मग तुलना कशी मांडायची?

पहिल्यांदा मला सुचलं ते हे: एक कुंडी पडवीत ठेवू, एक उघड्यावर. पण पडवीत पाऊस कमी तसं ऊनही कमी. फरक दिसला तर कशामुळे म्हणायचा?

मग गेल्या पावसाळ्याआधी आजीच्या झाडाच्याच काड्या लावून आठ कुंड्या तयार केल्या. एकाच झाडाच्या काड्या, म्हणजे आनुवंशिकदृष्ट्या सगळ्या सारख्या. सगळ्या पडवीत ठेवल्या. रोगट पानं पाण्यात खळबळून ते पाणी एकाच संध्याकाळी सगळ्यांवर सारखं फवारलं. चिठ्ठ्या टाकून चार कुंड्या निवडल्या आणि पंख्याखाली तासाभरात सुकवल्या. उरलेल्या चारांवर रात्रभर पॉलिथिनची पिशवी घातली, म्हणजे पानं ओली राहतील. ठिपके मोजायला लहान भावाला बसवलं. कोणती कुंडी कुठल्या गटातली, हे त्याला सांगितलं नव्हतं.

पिशवीतल्या झाडांवर ठिपके आधी आले आणि उघडपणे जास्त आले. तरी यावर शोधनिबंध होत नाही. एका कुंडीवर शंभर पानं असली तरी नमुने शंभर होत नाहीत, कारण उपचार कुंडीला दिला, पानाला नाही. माझे नमुने गटाला चारच. शिवाय पिशवीत ओलीबरोबर उष्णताही थोडी वाढली असेल. सिनॉप्सिसमध्ये "मर्यादा" हा मथळा असतो ना, तिथे नेमकं हे लिहायचं असतं.

रोग मुद्दाम बोलावणं विचित्र वाटेल, पण प्रतिकारक वाण असेच निवडले जातात. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या विल्यम रॅडलर यांनी आपल्या रोपांवर काळ्या ठिपक्यांची रोगट पानं मुद्दाम पसरवली आणि जी तगली तीच पुढे नेली. त्यांचा 'नॉक आउट' हा झुडपी गुलाब २००० साली बाजारात आला. ज्या झाडापर्यंत रोग पोचलाच नाही, त्याला प्रतिकारक म्हणता येत नाही.

सांदवाडीत काय करावं?

हे कळल्यावर उपाय सोपे होतात. सगळ्यांचा हेतू एकच: पान लवकर सुकावं आणि शिंतोडा उडू नये.

- सकाळचं ऊन मिळेल अशी जागा निवडा. भिंतीपासून आणि वळचणीच्या धारेपासून झाड दूर ठेवा.
- कन्हारसारख्या भारी जमिनीत वाफा उंच करा, पाणी मुळाशी साचू देऊ नका.
- पाणी सकाळी आणि बुडाशी द्या. संध्याकाळी पानांवर शिंपडू नका.
- जून लागण्याआधी खालची पानं काढा. बुंध्याभोवती चार बोटं मोकळी सोडून धानाच्या तणसाचा थर द्या.
- गळलेली ठिपक्यांची पानं रोज वेचा. खताच्या खड्ड्यात टाकू नका.
- ऑक्टोबरात छाटणी करा. दाटीच्या आणि वाळलेल्या काड्या काढा, कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट लावा.
- बुरशीनाशक मारायचंच असेल तर ठिपके पसरण्याआधी मारा. ठिपका पडलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही.

त्या आठ कुंड्यांपैकी पंख्याखाली सुकवलेली एक मी काकूंना दिली. त्यांनी ती पूर्वेच्या अंगाला, उघड्यावर लावली. लावताना विचारलं, "याले काय मारू?" मी म्हटलं, "सध्या काही नको. रोज सकाळी पान किती वाजता सुकते, तेवढं कॅलेंडरवर लिहून ठेवा." त्या लिहितात.

आता तुमच्या विषयाकडे येऊ. मनात जे "यामुळे ते होतं" असेल ते एका ओळीत लिहा. त्याखाली लिहा, त्याच वेळी आणखी काय काय बदललं. दुसरी यादी पूर्ण झाली की गाईडकडे जा. माझ्या ताकाच्या वेळी ती यादी केली असती, तर काकूंचं झाड कदाचित वाचलं असतं.